‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’वर मत देण्याआधी: बॉब डिलनच्या श्रोत्यांना खुलं पत्र

डिलन ऐकणाऱ्या सर्व मित्रमैत्रिणींना,

सप्रेम नमस्कार.

डिलनच्या ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’ या अल्बमला २० जानेवारी २०२५ रोजी ५० वर्षं पूर्ण झाली. त्या निमित्तानं आपल्यात या अल्बमबद्दल पुन्हा बोलणं सुरू झालं, आणि ते अजून थांबलेलं नाही. मला त्याचा आनंदच आहे. पण तुमची मतं वाचताना, ऐकताना एक गोष्ट सतत खटकते, म्हणून हे पत्र. आपण गाण्यांबद्दल कमी आणि डिलनच्या संसाराबद्दल जास्त बोलतो. कुणी म्हणतं, हा जगातला सर्वोत्तम ‘घटस्फोटाचा अल्बम’. कुणी म्हणतं, त्यातलं ‘ईडियट विंड’ हे गाणं म्हणजे बायकोवर काढलेला राग. कुणाला त्यातला कडवटपणा सहन होत नाही म्हणून अल्बमच नकोसा होतो. स्तुती करणारे आणि नावं ठेवणारे, दोघंही एकाच खिडकीतून आत डोकावतात, आणि ती खिडकी डिलनच्या तेव्हाच्या बायकोच्या, सेरा डिलनच्या, घराची असते.

मला एवढंच म्हणायचं आहे की मत जरूर द्या, खरमरीत द्या, पण जे कानावर पडतं त्याबद्दल द्या.

आधी संसाराचा मुद्दा. १९७४ मध्ये डिलन आणि सेरा यांच्यात दुरावा आला होता, हे खरं. घटस्फोट मात्र १९७७ मध्ये झाला. म्हणजे हा अल्बम बाजारात आला तेव्हा घटस्फोट झालेलाच नव्हता. हा अल्बम संसाराबद्दल आहे या अर्थाला स्वतः डिलननं कधी सरळ होकार दिला नाही. १९८५ च्या ‘बायोग्राफ’ या संग्रहासोबतच्या टिपणांत त्यानं ‘यू आर अ बिग गर्ल नाऊ’ हे बायकोबद्दल आहे असं म्हणणाऱ्यांवर राग काढला. २००४ च्या आत्मकथनात त्यानं नाव न घेता लिहिलं की आपला एक अख्खा अल्बम चेकॉव्हच्या कथांवर आधारलेला होता आणि समीक्षकांनी तो आत्मचरित्रात्मक ठरवला. अल्बम निघाल्यावर काही महिन्यांतच, १९७५ च्या वसंतात, गायिका मेरी ट्रॅव्हर्सशी रेडिओवर बोलताना, हा अल्बम आपल्याला आवडला असं तिनं म्हटल्यावर तो चक्रावलाच होता. अशा प्रकारचं दुःख लोक आवडीनं कसं ऐकतात हे आपल्याला समजत नाही, अशा अर्थाचं तो बोलला.

या शेवटच्या वाक्याचा आधार घेऊन कुणी म्हणेल, बघा, दुःख होतंच की. होतंच. ते नाकारण्यात अर्थ नाही. ज्या माणसाच्या घरात वादळ आहे त्याच्या लिखाणात ते उतरणारच. माझं म्हणणं वेगळं आहे. दुःख कुठून आलं हे कळलं की गाणं कळलं, असं आपण धरून चालतो, आणि तिथेच ऐकणं थांबतं.

त्याची सगळ्यात मोठी शिक्षा भोगली आहे ‘लिली, रोझमेरी अँड द जॅक ऑफ हार्ट्स’ या गाण्यानं. जवळपास नऊ मिनिटांचं गाणं. एका खाणीच्या गावातलं कॅबरे थिएटर, गावातल्या हिऱ्याच्या खाणीचा मालक बिग जिम, त्याची बायको रोझमेरी, नाचणारी लिली, दारू पिऊन पडलेला न्यायाधीश, शेजारच्या भिंतीला भोक पाडून बँकेची तिजोरी फोडणारी टोळी आणि या सगळ्यातून शिताफीनं निसटणारा तो बदामचा गुलाम. एक खून होतो, एका बाईला फाशी होते. तुमच्यातले कितीतरी जण सांगतात की हे गाणं आलं की आम्ही पुढचं लावतो, ते इथे बसत नाही. का बसत नाही? कारण अल्बम म्हणजे घटस्फोटाची डायरी असं आधीच ठरवून टाकलेलं असतं. माझ्या मते हे गाणं त्या ठरवण्यालाच दिलेलं उत्तर आहे. दहांपैकी सर्वात लांब गाणं ज्या माणसानं दरोड्याच्या गोष्टीला दिलं, त्याच्या मनात नुसता कबुलीजबाब नव्हता. त्यात धोका देणारी माणसं आहेत, दोन बायांमध्ये अडकलेला पुरुष आहे, एकाच्या सुटकेची किंमत दुसऱ्यानं मोजणं आहे. बाकीच्या नऊ गाण्यांतलं हेच सगळं इथे वेषांतर करून आलं आहे. ते ओलांडून पुढे गेलात तर त्या नऊ गाण्यांचंही नुकसान होतं.

‘टँगल्ड अप इन ब्लू’बद्दलही तेच. त्यातली बाई एक की अनेक, ती सेरा की आधीची कुणी, यावर किती चर्चा! १९७४ मध्ये डिलन न्यूयॉर्कमध्ये नॉर्मन रेबेन या चित्रकाराच्या वर्गाला जात होता. रेबेन म्हणजे यिडिश लेखक शोलेम अलेखेम यांचा मुलगा. तिथे जे शिकलो त्यामुळे आपल्याला पुन्हा गाणी लिहिता आली, असं डिलननं पुढे १९७८ च्या सुमारास सांगितलं. काल, आज आणि उद्या एकाच चित्रात, एकाच वेळी डोळ्यांसमोर असावेत, असा तो ध्यास होता. हे लक्षात ठेवून गाणं ऐकलं की कडवी कालक्रमानं लावत बसायची गरज उरत नाही. एका ओळीत लग्न झालेली बाई, पुढे दूर कुठेतरी नोकरी, मग एका बारमधली भेट, मग तेराव्या शतकातल्या कुणा इटालियन कवीचं पुस्तक. भिंतीवरच्या मोठ्या चित्रासमोर उभं राहिल्यासारखं ते पाहायचं, नजर हवी तिथे जाऊ द्यायची. हे गाणं आधी न्यूयॉर्कमध्ये आणि मग अल्बमसाठी पुन्हा मिनियापोलिसमध्ये ध्वनिमुद्रित झालं (त्याबद्दल पुढे). न्यूयॉर्कच्या ध्वनिमुद्रणात यातल्या काही कडव्यांत ‘तो’ आहे, अल्बममध्ये त्याचा ‘मी’ झाला. १९८४ च्या ‘रिअल लाइव्ह’ या मैफलींच्या अल्बममध्ये तर बरीच कडवी नव्यानं लिहिली. खऱ्या आयुष्यातला वृत्तांत सांगणारा माणूस साक्ष अशी फिरवत नाही. चित्रकार मात्र तेच चित्र पुन्हा रंगवतो.

आता आपल्यातल्या दुसऱ्या आणि जास्त जोरकस भांडणाकडे येऊ: न्यूयॉर्क की मिनियापोलिस.

ज्यांना हा इतिहास ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डिलननं १६ ते १९ सप्टेंबर १९७४ या दिवसांत न्यूयॉर्कच्या ए अँड आर स्टुडिओत अल्बम ध्वनिमुद्रित केला. ही जागा म्हणजे कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीचा जुना स्टुडिओ ए, जिथे त्याचे सुरुवातीचे अल्बम झाले होते. ध्वनिमुद्रक फिल रमोन. पहिल्या दिवशी बँजोवादक एरिक वाइसबर्गची वादकमंडळी बोलावली होती. डिलन गिटार वेगळ्या सुरांत लावून वाजवत होता, कुठली पट्टी ते सांगत नव्हता, एक गाणं संपायच्या आत दुसऱ्याकडे वळत होता. त्या मंडळींचं अल्बममध्ये शेवटी एकच गाणं उरलं, ‘मीट मी इन द मॉर्निंग’. पुढच्या दिवसांत मुख्यतः बासवादक टोनी ब्राऊनच त्याच्यासोबत होता, काही ठिकाणी पॉल ग्रिफिनचा ऑर्गन. चाचणी प्रती छापून झाल्या. ख्रिसमसच्या सुट्टीत डिलन मिनेसोटाला गेला, भाऊ डेव्हिडला अल्बम ऐकवला, आणि डेव्हिडच्या आग्रहानं २७ आणि ३० डिसेंबरला मिनियापोलिसच्या साउंड ८० स्टुडिओत पाच गाणी नव्यानं झाली: ‘टँगल्ड अप इन ब्लू’, ‘यू आर अ बिग गर्ल नाऊ’, ‘ईडियट विंड’, ‘लिली, रोझमेरी...’ आणि ‘इफ यू सी हर, से हॅलो’. तीन आठवड्यांत अल्बम दुकानांत होता.

तुमच्यातल्या जाणकारांचं मत बहुतेक वेळा न्यूयॉर्कच्या बाजूनं पडतं. तीच खरी आवृत्ती, भावानं ती बिघडवली, असंही ऐकू येतं. न्यूयॉर्कची बाजू मला पूर्ण कळते. २०१८ मध्ये ‘मोअर ब्लड, मोअर ट्रॅक्स’ हा सहा सीडींचा संच आला, तेव्हापासून ती खोलीच आपल्यासाठी उघडली. हेडफोन लावून ऐका. डिलनच्या जाकिटाच्या बाह्यांची बटणं गिटारच्या लाकडावर टकटक आपटतात, नखं तारांवर घासतात. दुसऱ्या कुठल्या ध्वनिमुद्रकानं बटणांसाठी मुद्रण थांबवलं असतं. इथे ती टकटक राहिली, आणि तिच्यामुळे हा माणूस आपल्यापासून हातभर अंतरावर बसल्यासारखा वाटतो. ‘शेल्टर फ्रॉम द स्टॉर्म’ हे तर अल्बममध्येही न्यूयॉर्कचंच आहे. एक गिटार, एक बास, बस. टोनी ब्राऊनचा बास त्यात जसा चालतो, त्याला साथ म्हणायला मला संकोच वाटतो. दुसरा आवाजच आहे तो.

तरीही न्यूयॉर्क ‘खरी’ आणि मिनियापोलिस ‘बिघडवलेली’ हे मला मान्य नाही. एक तर तुलनाच समान पायावर नाही. न्यूयॉर्कचे सगळे प्रयत्न, चुका, अर्धवट सोडलेली गाणी आपल्याला ऐकायला मिळतात. मिनियापोलिसच्या बाबतीत अल्बमवर आलेली पाच गाणी तेवढी हाती आहेत. एकीकडे घडण दिसते, दुसरीकडे फक्त घडलेलं, आणि जिथे घडण दिसते तिथे आपला जीव जास्त गुंततो. दुसरं असं की अल्बमसाठी निवडलेल्या न्यूयॉर्कच्या ध्वनिमुद्रणांपैकी बऱ्याच गाण्यांचा वेग त्या वेळी २ ते ३ टक्के वाढवलेला होता. तेव्हा ही सर्रास पद्धत होती. २०१८ च्या संचात गाणी मूळ वेगात आली आणि तीच गाणी एकदम जड, खोल वाटू लागली. ‘शुद्ध’ म्हणून आपण ज्याची बाजू घेतो त्यालाही हात लागलेला होताच.

आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे ‘ईडियट विंड’.

न्यूयॉर्कचं ‘ईडियट विंड’ हळू आहे, थकलेलं आहे. माणूस खालच्या आवाजात, स्वतःशीच पुटपुटल्यासारखा गातो. शब्द क्रूर आहेत पण आवाजात हार आहे, त्यामुळे ते शब्द मारायला निघालेले वाटत नाहीत. मिनियापोलिसचं गाणं आठ मिनिटांच्या आसपास जातं आणि त्यात डिलन शब्द अक्षरशः ओढून, ताणून, फेकून गातो. ऑर्गन मागून ढकलतो, बिल बर्गचा ड्रम श्वास घेऊ देत नाही. बरेच जण म्हणतात की या गाण्यात बाईवर अन्याय आहे, एवढा राग ऐकवत नाही. त्यांना माझी विनंती आहे की शेवटच्या ध्रुवपदापर्यंत थांबा. तोवर मूर्ख ठरलेली फक्त समोरची व्यक्ती असते. शेवटी तो स्वतःलाही तिच्या शेजारी उभा करतो, दोघांनाही एकाच वाऱ्यात. न्यूयॉर्कच्या गाण्यातही हे वळण आहे, पण तिथे ते हळूच येतं, कारण तिथला माणूस सुरुवातीपासूनच खचलेला आहे. मिनियापोलिसमध्ये सात मिनिटं आरडाओरडा केल्यावर ते येतं, आणि रागावलेला माणूस स्वतःच्याच रागाला सामोरा जातो. ही चढण वादकांशिवाय होणार नव्हती. बिघडवली म्हणणाऱ्यांनी हे एकदा ऐकून बघावं. मला न्यूयॉर्कचं गाणं जास्त सुंदर वाटतं आणि मिनियापोलिसचं जास्त खरं. १९७६ च्या ‘हार्ड रेन’ या मैफलींच्या अल्बममधलं तिसरं रूप, पावसात फोर्ट कॉलिन्सला गायलेलं, त्याहून उग्र आहे. त्यातलं कुठलंही मला टाकावंसं वाटत नाही.

हे आपल्याला, मराठी श्रोत्यांना, खरं तर सहज कळायला हवं. एकच गायक एकच बंदिश आज एका मैफलीत एका तऱ्हेनं गातो, महिन्यानं दुसऱ्या मैफलीत वेगळ्या तऱ्हेनं गातो, आणि मूळ कोणती असा प्रश्न आपल्याला पडत नाही. आज कशी जमली, एवढंच आपण विचारतो. डिलनपाशी आलो की मात्र आपण मूळ प्रत शोधायला लागतो. आणि त्याच मैफलीत गाणं सुरू होण्याआधी तबल्यावर कोण, पेटीवर कोण, तानपुऱ्यावर कोण, ही नावं घेतली जातात. ती घ्यायची राहिली तर श्रोत्यांतून आठवण करून दिली जाते.

म्हणून आता त्या नावांबद्दल. मिनियापोलिसच्या वादकांची नावं १९७५ च्या कव्हरवर नव्हती. कव्हर आधीच छापून झालं होतं, त्यामुळे जी नावं होती ती न्यूयॉर्कची. अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, त्याच्या मागच्या बाजूला पत्रकार पीट हॅमिल यांनी लिहिलेल्या मजकुराला ग्रॅमी मिळालं. पण ज्या गाण्यानं तो अल्बम सुरू होतो ते वाजवणाऱ्यांची नावं त्याच कव्हरवर कुठेच नव्हती. नावं अशी आहेत: गिटारवर केव्हिन ओडेगार्ड आणि ख्रिस वेबर, बासवर बिली पीटरसन, ड्रमवर बिल बर्ग, कीबोर्डवर ग्रेग इनहोफर, मॅन्डोलिनवर पीटर ऑस्ट्रुश्को. ध्वनिमुद्रक पॉल मार्टिनसन. यांतलं कुणी मोठ्या नावाचं नव्हतं. वेबरचं गिटारचं दुकान होतं. डिलनला एक विशिष्ट जुनी मार्टिन गिटार हवी होती, तिच्या शोधातून वेबरपर्यंत निरोप गेला आणि गिटारसोबत वेबरही स्टुडिओत आला.

‘टँगल्ड अप इन ब्लू’चा प्रसंग ओडेगार्डनं स्वतः सांगितला आहे आणि तो मला फार आवडतो. डिलन ते ‘जी’ पट्टीत गात होता. कसं वाटतं, असं त्यानं विचारलं. ओडेगार्ड बोलून गेला, ठीक आहे. समोर बॉब डिलन, आणि हा तिथे गिटार वाजवायला आलेला तरुण. डिलननं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तेव्हा ओडेगार्डनं सुचवलं की पट्टी वर घेऊन ‘ए’ करू, गाण्यात जोर येईल. डिलननं ऐकलं. आज आपण ते गाणं ऐकतो त्यात आवाज वरच्या बाजूला ताणलेला आहे, ओळीच्या शेवटी तो शब्द झटकून वर फेकतो, पहिल्या सेकंदापासून गाणं घाईत निघाल्यासारखं वाटतं. हे सगळं त्या एका सुराच्या फरकामुळे शक्य झालं. न्यूयॉर्कचं ‘टँगल्ड अप’ लावून लगेच हे लावा, फरक समजवायला कुणी लागणार नाही. डिलनच्या प्रतिभेबद्दल आपण पानंच्या पानं लिहितो. आपल्याहून कितीतरी लहान माणसाचं, स्पष्ट आणि कौतुक नसलेलं मत त्यानं लगेच मान्य केलं, ही गोष्ट त्या प्रतिभेत धरायला नको का?

१९७५ मध्ये ‘रोलिंग स्टोन’नं या अल्बमची दोन परीक्षणं छापली. त्यातलं जॉन लँडाऊ यांचं परीक्षण, अल्बम निष्काळजीपणानं केला आहे, या तक्रारीचं होतं. पुढे २०२० मध्ये त्याच मासिकाच्या सर्वकालीन ५०० अल्बमच्या यादीत तो नवव्या क्रमांकावर आला. मी यात लँडाऊंना चुकीचं ठरवत नाही. ते निदान आवाजाबद्दल, वादनाबद्दल बोलत होते. त्यांच्याशी वाद घालता येतो: बास इथे मागे का, ड्रम तिथे सैल का, डिलन सुरात आहे की नाही. सेराबद्दलच्या मताशी वाद कसा घालायचा? आपल्यापैकी कुणीही त्या घरात नव्हतो. ती बाई आयुष्यभर लोकांपासून दूर राहिली आणि तिनं आपली बाजू कधी जाहीरपणे मांडली नाही. तिच्याविषयी मत देण्याचा अधिकार आपल्याला एका अल्बमनं दिलेला नाही.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी या अल्बमबद्दल काही लिहाल, किंवा चार जणांत बोलाल, तर दोन गोष्टी कराव्यात अशी विनंती. आपण कोणत्या ध्वनिमुद्रणाबद्दल बोलतो आहोत ते सांगा, न्यूयॉर्क की मिनियापोलिस, कारण ‘ईडियट विंड’ मला आवडत नाही एवढ्यावरून काहीच कळत नाही. आणि साथीदारांची नावं घ्या, टोनी ब्राऊनसकट. ज्यांना ‘लिली, रोझमेरी...’ ओलांडून जायची सवय आहे त्यांनी ते एकदा शब्द समोर ठेवून, शेवटपर्यंत ऐकावं आणि तरीही कंटाळा आला तर तसं मोकळेपणानं लिहावं. मी ते मत आनंदानं वाचेन आणि त्याच्याशी भांडेन.

आपली,
डिलनची एक श्रोती